वाकळ, कांचळी, घोंगडी : धाराशिवची लोकवस्त्रे जमवताना

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतची बंदरे आणि तिथे मिळणारा माल यांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. त्यात दख्खनमधल्या दोन मोठ्या पेठा येतात. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि त्याच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर. पैठणहून भडोचला अकीक जाई, तगरहून कापड. रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्या भरून जाणाऱ्या या मालात तऱ्हेतऱ्हेची मलमल होती, 'मोलोकिना' म्हणून ओळखले जाणारे कापड होते. पण या सगळ्यांच्या आधी नोंद आहे ती साध्या, रोजच्या वापरातल्या कापडाची, आणि तेही पुष्कळ जात असे अशी. हे तगर म्हणजे धाराशिव तालुक्यातले, तेरणेच्या काठावरचे तेर. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये ही ओळख पटवून दिली.

आज तेरला गेलात तर रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय पाहायला मिळते. लामतुरे हे याच गावचे. गावच्या पांढरीतून वर येणारे मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीच्या मूर्ती त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केल्या, म्हणून त्या राहिल्या. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहून इटलीतल्या पॉम्पेईला सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीची आठवण अभ्यासकांना झाली, यावरून या गावाचे हात कुठवर पोचले होते ते कळावे. फक्त एक गोष्ट या संग्रहालयात नाही, आणि असणे शक्यही नव्हते : ज्याच्यावर तेर मोठे झाले ते कापड. आमच्या मातीत आणि पावसात सूत टिकत नाही. हिंदुस्थानातून गेलेल्या प्राचीन सुती कापडाचे तुकडे सापडले ते इजिप्तच्या तांबड्या समुद्रकाठी, बेरेनिके बंदराच्या कोरड्या वाळूत. गुजरातेतून गेलेल्या मध्ययुगीन छापील कापडाच्या चिंध्या कैरोजवळच्या फुस्तातला निघाल्या आणि आज त्या ऑक्सफर्डच्या अॅश्मोलियन संग्रहालयात मोठ्या संख्येने आहेत.

म्हणजे मराठवाड्यात कापड टिकायचे असेल तर ते जमिनीखाली टिकणार नाही. माणसांच्या हातांतच टिकेल. आणि आपल्या हातांची रीत मात्र कापड पूर्ण वापरून संपवण्याची आहे.

ही रीत नीट समजून घेतल्याशिवाय लोकवस्त्रांच्या संग्रहाला हात घालू नये. नवे लुगडे सणाला नेसायचे. ते विटले की रोजचे. दंड घालून आणखी काही वर्षे. मग त्यातला धड भाग काढून पोरीचा परकर, बाळाचे दुपटे, कुंची. नवजात बाळाला नवे कापड टोचते म्हणून आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचेच दुपटे हवे असते. उरलेली धडुती वाकळीत. वाकळ फाटली की ती दुसऱ्या वाकळीच्या पोटात. त्यातूनही जे निसटेल त्याची चुंबळ, फडके, सारवणाचे पोतेरे, आणि शेवटी दिव्याची वात किंवा मशालीचा काकडा. जरीचे लुगडे असेल तर त्याची वाट वेगळी : बोहारीण दारात येई, चार भांडी मांडी, आणि आजेसासूचे लुगडे बोचक्यात घालून घेऊन जाई. पुढे ते जाळून त्यातली चांदी काढली जाई. त्यामुळे श्रीमंत घरचे जुने कापड भट्टीत गेले आणि गरीब घरचे चुलीजवळ. शंभर वर्षांचे लुगडे अखंड मिळणे म्हणूनच दुर्मीळ. त्याचे तुकडे मात्र वाकळीत शाबूत सापडतात. माझ्या मते या जिल्ह्यातला वस्त्रांचा सर्वांत मोठा साठा कुठल्या वाड्याच्या कपाटात नाही. तो घरोघरच्या दांडीवर आणि वळकट्यांत आहे.

एखादी जुनी वाकळ दाराशी उजेडात पसरा आणि घाई न करता पाहा. वरचा आणि खालचा पापुद्रा बहुधा लुगड्याचा असतो. आठ-सव्वाआठ मीटरचे नऊवारी लुगडे दुमडले की एका वाकळीच्या दोन्ही बाजू त्यातच निघतात. सीमेपलीकडच्या कर्नाटकातून आलेले इरकल असेल तर काठ लगेच ओळखू येतो. पदराचा टोप-तेणीचा भाग कधी मुद्दाम मधोमध, दिसेल असा ठेवलेला असतो. शिवण कडेने सुरू होते आणि चौकोनी फेरे घेत आत सरकत जाते. साधा धावदोराच, पण दर फेऱ्यात टाक्याची लांबी आणि दोन ओळींतले अंतर पाहा : ज्या बाईचा हात बसलेला आहे तिची ओळ डोळ्याला ओढून नेते. दोन-तीन बायका एका वाकळीवर बसल्या असतील तर प्रत्येकीचा कोपरा वेगळा ओळखू येतो. एकीचा टाका जवारीच्या दाण्याएवढा, दुसरीचा त्याच्या दुप्पट. दोरा मध्येच बदललेला दिसेल, पांढरा संपून लाल लागलेला. मधल्या चौकोनाशी आल्यावर कुणी चार टाक्यांचे फूल घालते, कुणी तिथे खणाचा तुकडा लावते. हाताने चाचपले की आतले थर कळतात. कुठे धोतर, कुठे सदऱ्याची शिवण, कुठे बंडीचे काज, कुठे गोणपाटही.

इथे नवशिक्या संग्राहकाला वाटते की टाके उसवून आत पाहावे. तसे अजिबात करू नये. वाकळीचे वय एक नसते. वरचे लुगडे वीस वर्षांपूर्वीचे आणि पोटातली वाकळ सत्तर वर्षांपूर्वीची असे सर्रास असते. ती उसवली की थरांचा क्रम मोडतो, आणि तो क्रम हाच त्या घराचा कपड्यांचा इतिहास असतो. जिथे ती मुळात फाटलेली आहे तिथून बॅटरी मारून पाहावे, फोटो घ्यावेत आणि थांबावे.

काळ ठरवायला काही खुणा उपयोगी पडतात. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ ची. त्यानंतर या टापूत गिरणीचे सूत आणि गिरणीचे कापड स्वस्त होत गेले. हातचरख्याचे सूत जाडबारीक असते, गिरणीचे सारखे. साधे भिंग लावले तरी फरक दिसतो. कधी आतल्या थरावर गिरणीचा छापही उरलेला असतो. रंगांत कृत्रिम जांभळा १८५६ मध्ये निघाला, कृत्रिम अलिझरीनचा लाल १८६९ मध्ये, आणि कृत्रिम नीळ १८९७ मध्ये बाजारात आली. मात्र रंगावरून एवढेच ठरते की कापड त्या सालाच्या आधीचे नसावे. त्याच सालचे आहे असे ठरत नाही. टेरिकॉट आणि नायलॉन आमच्या खेड्यांत खऱ्या अर्थाने पसरले ते १९७० नंतर. शंका असेल तर कडेचा निसटलेला एक धागा चिमट्यात धरून जाळावा. सूत कागदासारखे जळते आणि राख होते, लोकर केस जळल्यासारखी वासते, पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो.

आता जपानकडे वळू. लोकवस्त्रांच्या संग्रहाचा विचार त्या देशाला टाळून करता येत नाही, आणि त्यांची गोष्ट आपल्या गोष्टीला फार जवळची आहे. जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला आओमोरीचा प्रांत. तिथे थंडी इतकी की कापूस उगवत नाही. शेतकरी तागासारख्या वाखाच्या कापडावर दिवस काढत. दक्षिणेकडून जहाजांनी जुन्या सुती चिंध्या येत आणि त्या मोलाने विकत घेतल्या जात. बायका त्या थरावर थर लावून धावदोऱ्याने शिवत. या शिवणकामाला 'साशिको' म्हणतात, आणि ठिगळांनीच बनलेल्या त्या कपड्यांना 'बोरो'. अंथरुणात घालून झोपायचे जाड, वजनदार अंगरखे अशाच चिंध्यांचे होत. 'बोदोको' नावाच्या चिंध्यांच्या चादरीवर बाई बाळंत होई. घरातल्या आधीच्या पिढ्यांच्या कपड्यांचे तुकडे तिच्यात जोडलेले असत. बाळाला आजीच्या लुगड्याचे दुपटे घालणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपान सावरला, पैसा आला आणि घरोघर या बोरोंची लाज वाटू लागली. ते जाळले गेले, फेकले गेले. त्याच काळात आओमोरीत १९३३ साली जन्मलेले तानाका चूझाबुरो नावाचे गृहस्थ गावोगाव हिंडून हेच फाटके कपडे मागत होते. कपडा कुणी शिवला, कशासाठी, त्या बाईच्या आठवणी काय, हेही ते विचारत आणि लिहून घेत. त्यांच्या संग्रहातली शेकडो साशिको वस्त्रे जपान सरकारने पुढे राष्ट्राचा महत्त्वाचा लोकसांस्कृतिक ठेवा म्हणून घोषित केली. टोकियोच्या आसाकुसा भागात २००९ ते २०१९ या काळात त्यांचे बोरो मांडलेले संग्रहालयही होते. त्याआधी यानागी सोएत्सु यांनी १९२५ पासून सामान्य, अनाम कारागिरांच्या वस्तूंतल्या सौंदर्याची चळवळ उभी केली होती आणि १९३६ मध्ये टोकियोत लोककला संग्रहालय उघडले होते. यानागींनी लोकांना पाहायला शिकवले. तानाकांनी विचारायला शिकवले. मला तानाकांची वाट आपल्यासाठी जास्त मोलाची वाटते, कारण वस्तू सुंदर आहे म्हणून ठेवायची असे ठरवले की जी दिसायला सुंदर नाही पण सांगायला पुष्कळ आहे ती वस्तू वगळली जाते.

जपान्यांनी आपले कापड जपल्याचा इतिहास तर याहून जुना आहे. सतराव्या शतकापासून परक्या मालाची जपानमधली मोठी वाट नागासाकीच्या डच वखारीतून जाई, आणि त्या वाटेने हिंदुस्थानी चिटे तिकडे पोचत. त्यांना तिथे 'सारासा' म्हणत. चहाच्या समारंभातल्या डब्यांच्या पिशव्या त्यांच्या होत. वीतभर तुकडाही टाकला जात नसे. हिकोने इथल्या ई घराण्याने जमवलेले अशा चिटांचे ४५० तुकडे आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. क्योतोच्या गिओन उत्सवात उंच रथ निघतात, त्यांच्या अंगावर देशोदेशीचे गालिचे चढवलेले असतात, आणि त्यातले काही सतराव्या-अठराव्या शतकातले दख्खनचे आहेत. दख्खनमध्ये तसे जुने गालिचे सहसा पाहायला मिळत नाहीत. क्योतोतल्या मोहल्ल्यांच्या मंडळांनी मात्र पिढ्यान्‌पिढ्या ते दरवर्षी बाहेर काढले, वापरले आणि पुन्हा घडी घालून ठेवले. जपण्यासाठी राजवाडा लागत नाही. जबाबदारी कुणाची हे ठरलेले असावे लागते.

आपल्याकडेही असे लोक झाले. सनदी अधिकारी गुरुसदय दत्त (१८८२-१९४१) यांनी बंगालच्या जिल्ह्यांत नोकरी करताना खेड्यांतल्या कांथा जमवल्या. कोलकात्याजवळ जोका इथे त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. त्यातल्या एका कांथेवर मानदासुंदरी या बाईने वडिलांना ही कांथा अर्पण केल्याचे टाक्यांनीच लिहिले आहे. एका नावाने केवढा फरक पडतो पाहा : तिच्याबद्दल लेख लिहिले गेले, आणि शेजारच्या तितक्याच सरस कांथा 'एकोणिसावे शतक, बंगाल' एवढ्यावर राहिल्या. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, कुलपे, वस्त्रे अशा घरगुती वस्तूंसाठी आयुष्य वेचले आणि सगळा संग्रह आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने महाराष्ट्राला देऊन टाकला.

धाराशिव जिल्ह्यात आज संग्राहकांची नजर सर्वांत जास्त आहे ती बंजारा कापडावर. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, लोहारा या बाजूला तांडे पुष्कळ. फौजांना आणि बाजारांना बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ पोचवणारा हा समाज. रेल्वे आणि सडका आल्या तसा त्यांचा व्यापार बुडाला, १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींसारखा त्यांच्यावरही गुन्हेगारीचा शिक्का बसला, आणि तांडे जागोजाग स्थिरावले. बायकांचा पोशाख म्हणजे घेरदार फेटिया, पाठीवर बंदांनी बांधलेली कांचळी आणि डोक्यावरून छाटिया. त्यावर आरसे, कवड्या, शिशाचे नि जर्मन सिल्व्हरचे तुकडे, कधी जुनी नाणी. घागरीखालची इंडोणी आणि मागे लोंबणारा भरतकामाचा फुलिया, लग्नातल्या कोथळ्या, या वस्तूंत त्या बाईचे कसब पणाला लागलेले असते. खानदेश-माळव्याकडचे भरतकाम धागे मोजून केलेले, चौकटीचे. कर्नाटकाच्या बाजूला सरकाल तसे कापडाचे थर, चौकोन, त्रिकोण आणि त्यांवरचे धावदोरे जास्त दिसतात. शार्लट क्वॉन आणि टिम मॅकलॉक्लिन यांनी २०१६ मध्ये बंजारा वस्त्रांवर सचित्र ग्रंथ काढला, आणि परदेशी संग्राहकांचे लक्ष या कापडाकडे आणखी वळले.

लक्ष वळले की व्यापारी येतात. तांड्यावर जाऊन कमी पैशांत कांचळ्या घ्यायच्या आणि शहरात त्या कापून त्यांच्या पर्स, उशांचे अभ्रे, भिंतीवरची तोरणे करायची, हा धंदा उघडपणे चालतो. कापणाऱ्याला फक्त आरशांचा चौकोन हवा असतो. बाही, बंद, अस्तर फेकले जाते. अस्तराच्या कापडावरून काळ कळतो, बगलेच्या शिवणीवरून बेत कळतो, घामाच्या डागावरून ती लग्नातली होती की रोजची ते कळते. चार पर्समधून हे काहीही पुन्हा जुळवता येत नाही. जुन्या कांचळीचे तुकडे लावलेली पर्स विकत घेऊ नका. हौसच असेल तर तांड्यातल्या बाईकडून आजचे भरतकाम करून घ्या आणि तिला तिच्या दिवसांचे पैसे द्या.

घोंगडीची गोष्ट वेगळी. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची, खड्ड्याच्या मागावर विणलेली आणि चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेली घोंगडी पाऊस अंगावर घेते, खाली अंथरली की ओल वर येऊ देत नाही. तिचे शत्रू दोन : कसर लोकर खाते आणि चंदेरी किडे खळ खातात. जुनी घोंगडी म्हणून फार थोडी मिळते. पोळ्याच्या झुली, पोतराजाचा खणांच्या तुकड्यांचा घागरा, गोंधळ्याच्या कवड्यांच्या माळा, हे सगळे तुळजापूरच्या वाटेवर अजून पाहायला मिळते. तुळजाभवानीला खण-नारळाने ओटी भरतात, धाराशिवच्या हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या दर्ग्यावर चादर चढते. पण या पूजेतल्या वस्त्रांचा संग्रह खासगी माणसाने करण्याच्या मी विरोधात आहे. ती पाहावीत, फोटो घ्यावेत, नोंद करावी.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा किल्लारीबरोबरच आपल्या बाजूचे सास्तूर आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या माळवदांखाली माणसे गेली, तिथे कापडाचा हिशेब कोण करणार. पण हेही खरे की त्या घरांतल्या पेट्या, उतरंडी, दांडीवरच्या वाकळा त्या ढिगाऱ्यात संपल्या. देशभरातून चादरी आणि ब्लँकेटे आली, गावे दुसरीकडे उभी राहिली. ज्या घरात आज त्याआधीची एखादी वाकळ उरली आहे, तिथे ती काय आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. तिला विकत मागू नये. बसून ऐकावे.

शेजारच्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला एक कापड चारशे वर्षे टिकून आहे. दासोपंतांनी (१५५१-१६१५) पंचीकरणाचा विषय लांबलचक पासोडीवर लिहिला, चित्राकृती काढल्या. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाड सुती पांघरूण. त्या काळच्या हजारो पासोड्यांपैकी हीच का उरली? तिच्यावर लिहिलेले होते म्हणून. लोकांनी ती कापड म्हणून वापरली नाही, ग्रंथ म्हणून सांभाळली. लोकवस्त्रांच्या संग्रहाचे मर्म मला इथेच दिसते. कापडासोबत अक्षर असेल तर पुढची पिढी ते फेकताना थांबते.

म्हणून संग्रहाची सुरुवात विकत घेण्यापासून करू नका, वहीपासून करा. त्यासाठी वर्षातले सर्वांत चांगले दिवस नवरात्राच्या आधीचे. मराठवाड्यात घरोघर दसरा काढतात. घरातली झाडून सगळी अंथरुणे-पांघरुणे नदीवर, ओढ्यावर, हल्ली शेतातल्या मोटारीवर धुवायला जातात. तेरणेकाठी, बोरीकाठी, बांधांवर, बाभळींवर आणि काटेरी कुंपणांवर गावाचे सगळे कापड त्या दोन-चार दिवसांत उघडे वाळत पडते. एरवी परक्याला कुणी घरातली वाकळ उलगडून दाखवणार नाही. त्या दिवसांत ती उन्हात पसरलेलीच असते आणि ती शिवणारी तिथेच बसलेली असते. "मावशी, ही कुणी शिवली?" एवढे विचारले की पुढचे ती आपण होऊन सांगते : ही माझ्या सासूची, हे लुगडे माझ्या बहिणीच्या लग्नातले, हा तुकडा धाकट्याच्या बारशाच्या झबल्याचा. तेवढे लिहून घ्या. शिवणारीचे नाव, माहेरचे आणि सासरचे गाव, साधारण साल किंवा साल सांगता येत नसेल तर 'बहात्तरच्या दुष्काळानंतर' अशी तिने सांगितलेली खूण, कोणते कापड कुणाचे, दोरा कुठला, कशासाठी वापर. नाव जाहीर करायचे असेल तर तिची परवानगी घ्या. दोन्ही बाजूंचा फोटो, टाक्यांचा जवळून फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि लांबी-रुंदी. वाकळ तिच्याकडेच राहिली तरी संग्रहाचे निम्मे काम झाले.

वस्तू खरोखर तुमच्याकडे आलीच तर तिला धुवायची घाई नको. आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने रंग सुटतो का ते कोपऱ्यात पाहा. लाल आणि काळा बहुधा आधी सुटतात. लोहाच्या कसाने रंगवलेला काळा तर धाग्यालाच खातो. म्हणून जुन्या कापडात बाकी नक्षी शाबूत आणि काळ्या रेघा झडलेल्या दिसतात. धूळ काढायची तर कापडावर जाळी धरून व्हॅक्युमने हलकेच ओढावी, झटकू नये. दोरीवर लटकवून ठेवू नये, वजनाने धागे तुटतात. घडी घालण्यापेक्षा रुंद नळीवर गुंडाळावे, मध्ये धुतलेले कोरे मांजरपाट घालावे. घडी घालावीच लागली तर दर काही महिन्यांनी तिची जागा बदलावी. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये, पावसाळ्यात आत बुरशी धरते. आरसे आणि धातू असलेल्या कांचळीत प्रत्येक थरामध्ये कापड हवे, नाहीतर एकाचा आरसा दुसरीचे भरतकाम कापतो. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नयेत. कडुलिंबाच्या पाल्यावर आमच्या घरांनी पिढ्या काढल्या, पण पाला पूर्ण वाळलेला आणि पुरचुंडीत बांधलेला असावा. आणि उजेड! भिंतीवर टांगलेली सुंदर कांचळी खिडकीच्या उन्हात काही वर्षांतच फिकी पडते, आणि गेलेला रंग परत येत नाही. संग्रहालये जुन्या कापडावर पन्नास लक्सच्या वर उजेड पडू देत नाहीत.

कायद्याचेही भान असू द्या. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या नातलगाला भेट म्हणून पाठवण्याआधी हे तपासा.

या जिल्ह्यासाठी एका खोलीची मागणी करावीशी वाटते. धाराशिव, तुळजापूर, उमरगा किंवा परंडा, कुठेही. एखाद्या महाविद्यालयाची कोरडी, काळोखी खोली चालेल. तिथे पन्नास वाकळा, वीस कांचळ्या, दहा घोंगड्या आणि त्यांच्या नोंदवह्या एवढे जमले तरी मराठवाड्याच्या वस्त्रांचा अभ्यास करणाऱ्याला बसायला जागा होईल. पण ती खोली होईपर्यंत थांबायचे कारण नाही. यंदा दसरा काढाल तेव्हा घरातली सर्वांत जुनी वाकळ बाजूला काढा. पांढऱ्या सुती फितीवर न पुसणाऱ्या शाईने शिवणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि ठाऊक असेल ते साल लिहा, शाई धुऊन जात नाही ना ते आधी पाहा, आणि ती फीत वाकळीच्या एका कोपऱ्याला सैल टाक्यांनी शिवून टाका. शिवणारी हयात असेल तर तिच्याकडूनच ते टाके घालून घ्या.